पापलेटच्या पाठीवरचे पट्टे

१

शनिवारी सकाळी नूतनबाई वाडीत सुपारी वेचत होत्या. किशोरी फाटकातून आत आली आणि तिनं एक कागद ओटीवर ठेवला. एरवी माशांची पाटी उतरवली की आधी पाणी मागणारी ही मुलगी आज उभीच राहिली.

“बाई, ह्यो फोटो कुटला हाय, तेवडं सांगा.”

नूतनबाईंनी पदराला चष्मा पुसला. कागदाची भानगड अशी होती: नीलतट हॉलिडेज नावाच्या कंपनीला बंदरपाड्यातली खाडीकाठची सरकारी जागा हवी होती, रिसॉर्टच्या रस्त्यासाठी. जागा वापरात नाही, असं कंपनीचं म्हणणं. हरकतींची नोटीस पंधरा दिवसांपूर्वीच ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली होती. अर्जाला जोडलेला फोटो मात्र किशोरीला काल कचेरीत फाईल मागितल्यावर पहिल्यांदा दिसला. तिनं त्याची रंगीत प्रत काढून आणली होती.

फोटोत मोकळी काळपट वाळू. कोपऱ्यात एक निळा पिंप. पिंपाला टेकून झोपलेला कुत्रा. खाली छापलेलं, ‘१८ जानेवारी, सकाळी नऊ. जागा रिकामी.’

“हे तर तुमचं खळं,” नूतनबाई म्हणाल्या.

“व्हय. आयेचं खळं. जानेवारीत तिथं पाय ठेवायला जागा नसते. चौदा बाया बोंबील सुकवतात. आनि ह्यो फोटो मीच काढलेला, बाई. गटासाठी. ह्याच्यात वलांड्या व्हत्या, बोंबलांनी भरलेल्या. त्या कुनी काढल्या?”

वलांड्या म्हणजे बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या, बोंबील वाळत घालायच्या. त्या खळ्यातून कुणी रात्रीत उपटून नेल्या नव्हत्या. फोटोतून पुसल्या होत्या.

नूतनबाईंनी कागद खाली ठेवला. किशोरीनं पुढचं वाक्य उच्चारलं नाही तरी त्यांना ते ऐकू आलं: हे गटातल्याच कुणाचं तरी काम. रेवदंड्याच्या शाळेतून चित्रकलेच्या बाई म्हणून निवृत्त झाल्यावर, करोनाच्या वर्षात, त्यांनी हा गट सुरू केला होता, ‘शनिवारचं पान’. आठवड्याचे फोटो काढायचे, संगणकावर त्यांचं चिकटवहीसारखं पान करायचं. कागदाचे तुकडे, तिकिटं, वाळलेली पानं, दोन ओळी मजकूर. शनिवारी संध्याकाळी सातच्या आत सगळ्यांनी गटावर टाकायचं. माणसं पाचच. बाई स्वतः, किशोरी, काशीदला घरगुती पाहुणे ठेवणारा रितेश, अलिबागला जाहिरातींच्या दुकानात काम करणारी रुचिका आणि चौलचे निवृत्त पोस्टमास्तर दिनानाथ चौलकर. किशोरी आधी तयारच नव्हती. खळ्यातले फोटो उगाच कुठे फिरायचे, असं आईचं म्हणणं. तेव्हा बाईंनीच तिला शब्द दिला होता की गटातला फोटो गटाबाहेर जाणार नाही.

“तुझ्या फोनमध्ये मूळ फोटो असेल ना?”

“फोन गणपतीत खाडीत पडला. तवाच तर नवीन घेतला.”

गटावर टाकलेलं तीन महिन्यांत आपोआप पुसलं जाई, म्हणून फोटो आता एकाच ठिकाणी असणार, गटाच्या सामायिक खणात, म्हणजे इंटरनेटवरच्या फोल्डरमध्ये. सगळ्यांचे मूळ फोटो आठवड्यावार तिथे ठेवलेले असत आणि पाचही जणांना तो खण उघडता येई. नूतनबाईंनी संगणक लावला. जानेवारीचा पहिला आठवडा होता. दुसरा होता. चौथा होता.

तिसरा आठवडा खणात नव्हता.

२

“सोमवारी अकराला सुनावनी,” किशोरी म्हणाली. “तुमच्या गटातला मानूस हाय, बाई. तुमीच शोधा.”

‘आपल्या’ नव्हे, ‘तुमच्या’. नूतनबाईंना ते लागलं. त्यांनी चपला घातल्या आणि तिच्याबरोबर बंदरपाड्याला निघाल्या.

खळ्यात किशोरीची आई चंद्राबाई ओले बोंबील जोडीजोडीनं दोरीवर अडकवत होती. सत्तरी उलटली तरी हात थांबत नव्हते. तिनं कागद डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि खळ्याबद्दल एक शब्द न बोलता विचारलं, “ह्यो कुत्रा कंचा?”

“पापलेटच तो, आये. त्याच्याच पिंपाजवळ झोपलाय.”

“आंधली झाले का गं मी? आपला पापलेट पांढरा सफेत. म्हनून तर नाव ठेवलं. ह्याच्या पाठीवर पट्टे हायेत.”

नूतनबाई वाकून पाहू लागल्या. खरंच, फोटोतल्या कुत्र्याच्या पाठीवर करड्या रंगाचे पट्टे होते, बारीक, एकसारख्या अंतरावर. कान मात्र पापलेटसारखाच, उजवा, टोकाला फाटका. तो फाटक्या कानाचा खुद्द पापलेट पाच पावलांवर वलांडीखाली पसरला होता. नूतनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच वाळूत बसल्या.

त्याच्या पांढऱ्या पाठीवर पट्टे होते. वर लटकणाऱ्या बोंबलांच्या सावल्या.

“किशोरी, बघ. ज्यानं वलांड्या पुसल्या, त्यानं वाळूवरच्या सावल्याही पुसल्या. कुत्र्यावरच्या राहिल्या. त्याला वाटलं, कुत्राच पट्ट्यांचा आहे.”

किशोरीच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला. “म्हनजे फोटो खोटा. जिंकलो आपन.”

“ते म्हणतील हा कुत्रा वेगळा. मूळ फोटो हातात हवा. आणि कुणी केलं ते कळायला हवं.” नंतरचं कारण त्यांनी फक्त मनात म्हटलं. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या चौघांपैकी एकानं हे केलं होतं, आणि तो कोण हे कळल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

खळ्यातून निघण्याआधी त्यांनी पिशवीतलं भिंग काढून फोटो इंचाइंचानं पाहिला. दोन गोष्टी सापडल्या. मोकळ्या वाळूत मधेमधे सुरूच्या काड्या होत्या, बारीक, सुईसारख्या. खळं रोज झाडतात, आणि जवळपास सुरूचं झाडच नाही. म्हणजे वलांड्या झाकायला दुसऱ्या कुठल्या वाळूचे तुकडे आणून चिकटवले होते आणि काळे केले होते. दुसरी गोष्ट त्याहून बारीक. प्रत्येक तुकड्याच्या डाव्या कडेला केसाएवढी गडद रेघ होती.

ही रेघ बाईंच्या चांगली ओळखीची होती. संगणकावर तुकडा चिकटवला की तो पानावर खरोखर ठेवल्यासारखा वाटावा म्हणून त्याला सावली देतात. गटात हे इतकं अंगवळणी पडलं होतं की काहीही चिकटवलं, हात आपोआप सावलीकडे जाई. पण वाळूला कुणी सावली देतं का? चोरी करतानाही हाताची सवय सुटली नव्हती.

काशीदच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे, आणि रितेश काशीदचा होता.

३

दुपारी चारला दिनानाथ आले. ते रोज चारला येत. नूतनबाईंचे यजमान गेले त्या वर्षी, लोक दहा दिवस येऊन गेले आणि मग यायचे थांबले, तेव्हापासून हे गृहस्थ रोज चारला येऊन ओटीवर बसत. बोलणं नसलं तरी बसत. पासष्टाव्या वर्षी माऊस धरायला शिकले ते बाईंकडूनच. सुरुवातीला त्यांच्या पानावर फोटो उलटे यायचे आणि बाई हसून हसून बेजार व्हायच्या.

नूतनबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायचं सुचलंही नाही. सावलीची रेघ तेवढी सांगायची राहिली, कारण तेवढ्यात दूध उतू गेलं.

दिनानाथांनी नेहमीसारखी डाव्या हातानं किटली उचलली, दोघांचा चहा ओतला आणि फोटो जवळ ओढला.

“सुरूच्या काड्या म्हणजे काशीद, नूतनबाई. मी कुणाचं नाव घेत नाही. पण मागच्या मे महिन्यात रितेशचं आणि किशोरीचं वाजलं होतं ना? वासावरून?”

वाजलं होतं खरं. रितेशनं पाहुण्यांना खाडी दाखवायला आणलं, पाहुण्यांनी नाकं दाबली, आणि किशोरीनं त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी मुंबईला जाईपर्यंत लक्षात ठेवलं असणार.

“रिसॉर्टचा रस्ता झाला तर पाहुणे वाढतील, असंही तो एकदा म्हणाला होता,” दिनानाथ म्हणाले. “तुम्ही जपून विचारा. पोरगा तापट आहे.”

त्यांनी कप विसळून पालथा घातला आणि गेले. माणूस किती काळजी करतो, असंच नूतनबाईंना वाटलं.

४

रविवारी सकाळी त्या एसटीनं काशीदला गेल्या. रितेश अंगणात पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होता. प्रश्न ऐकला आणि त्याच्या हातातली चादर खाली पडली.

“ताई, मी? मला रस्ता हवाय, कबूल. पण मी तोंडावर भांडणारा माणूस आहे, असल्या कागदी उचापती मला जमत नाहीत.” त्यानं फोन पुढे केला. “आणि हे बघा, माझी सगळी पानं मी फोनवरच करतो. फोटो लावायचे, नाव टाकायचं, झालं. तुमच्या त्या सावल्या माझ्या फोनमध्ये नाहीतच. तुम्हीच ओरडता ना दर शनिवारी, रितेश, तुझं पान सपाट दिसतं म्हणून?”

खरं होतं ते. रितेशच्या एकाही पानावर कधी सावली नव्हती.

“मग काशीदची वाळू?”

“ती तर मीच दिली ना सगळ्यांना. दिवाळीला. पानाच्या पाठीमागे लावायला म्हणून वाळूचा फोटो टाकला होता गटावर. तुम्ही शाबासकी दिली होती.” त्यानं फोन खिशात टाकला. “ताई, माझं नाव तुम्हाला कुणी सुचवलं?”

नूतनबाईंनी पडलेली चादर उचलून त्याच्या हातात दिली. ते नाव त्यांना अजून स्वतःशीही घ्यायचं नव्हतं.

परतताना त्या रेवदंड्याला रुचिकाच्या घरी उतरल्या. रविवार असल्यामुळे ती घरी होती. त्यांना पाहताच तिनं मान खाली घातली.

“मी सांगणारच होते, बाई. नीलतटचं माहितीपत्रक मी केलंय. दुकानात काम आलं, मालकानं माझ्या टेबलावर ठेवलं. पण हा फोटो मी आज पहिल्यांदा बघतेय.”

“तुझ्याइतकं चांगलं काम गटात कुणालाच येत नाही, रुचिका.”

“म्हणूनच म्हणते.” तिनं प्रत खिडकीत उजेडाला धरली. “मी केलं असतं तर तुम्हाला सापडलं नसतं. शेजारचीच वाळू पसरवली असती. दुसरीकडून तुकडे आणून कोण चिकटवतं? हे कात्रीनं कापल्यासारखं काम आहे. आणि वाळूला सावली.” तिला हसू आलं, मग ते आलं तसंच गेलं. “हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय, बाई. मन लावून केलंय.”

रितेशला सावली देता येत नव्हती. रुचिकाला लपवता आली असती. किशोरी स्वतःच्या आईचं खळं कशाला पुसेल? उरलेलं नाव बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. नूतनबाईंनी ते मोजलं नाही. त्यांनी स्वतःला सांगितलं की दिनानाथांकडे आपण वेगळ्याच कामासाठी चाललो आहोत, आणि ते काम खरंच होतं.

पोस्टमास्तर काही टाकत नसत. गटावर आलेलं प्रत्येक पान आणि त्याबरोबरचे मूळ फोटो ते छापून घेत, जाडजूड वहीत डकवत आणि वर जुना तारखेचा शिक्का मारत. सगळे त्यांना हसायचे. तिसऱ्या आठवड्याचा मूळ फोटो त्या वहीत असणार होता.

५

दिनानाथांच्या घराला तिन्ही बाजूंनी पोफळी. भर दुपारी त्यांच्या खोलीत अंधार असतो, म्हणून टेबलावरचा दिवा दिवसाही लावावा लागतो.

“वही?” ते म्हणाले. “वही कशाला?”

“१८ जानेवारी. तुम्ही छापून ठेवला असेल. उद्या तोच दाखवू, म्हणजे प्रश्नच मिटला.”

दिनानाथ उठले. मग त्यांनी दिव्याचं बटण दाबलं आणि कपाटाकडे वळले. नूतनबाई त्यांच्या खुर्चीत बसल्या. समोर टेबलावर पितळेचं वजन होतं, पोस्टातून निवृत्त होताना मिळालेलं. त्याची सावली कागदांवर डावीकडे पडली होती.

डावीकडे पडणारच. दिवा उजवीकडे होता. डावखुऱ्या माणसाचा दिवा उजवीकडेच असतो, नाहीतर लिहिताना स्वतःच्याच हाताचा अंधार होतो.

गटाचा पहिला धडा नूतनबाईंनी स्वतः दिलेला. पानावरची सावली कुठे पाडायची, असं नवखे विचारत. तेव्हा त्या सांगत, तुमच्या टेबलावर दिवा कुठे आहे बघा. खऱ्या टेबलावर सावली जिथे पडते तिथेच पानावर पाडा, म्हणजे पान तुमचं वाटेल. बाकी सगळे उजव्या हाताचे, त्यांचे दिवे डावीकडे, सावल्या उजवीकडे. दिनानाथांच्या पानांवरच्या सावल्या तेवढ्या डाव्या बाजूला. शेकडो पानं बाईंनी पाहिली होती, आणि रोज पाहिलेली गोष्ट दिसेनाशी होते. की त्यांना ती पाहायचीच नव्हती? काल खळ्यात भिंगातून ती डावी रेघ दिसली तेव्हाच आपण भिंग घाईनं पिशवीत टाकलं होतं, हे त्यांनी आता स्वतःशी कबूल केलं.

दिनानाथांनी वही समोर ठेवली. नूतनबाईंनी जानेवारी उघडला. दुसऱ्या आठवड्याचा शिक्का होता आणि त्यानंतर एकदम चौथ्याचा. मधे शिवणीजवळ कागदाची एक बारीक पट्टी उरली होती, ब्लेडनं सरळ कापलेली.

“पान कुठे आहे?”

“बंबात घातलं,” दिनानाथ म्हणाले.

एवढं सरळ उत्तर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. नाही म्हणतील, चिडतील, निदान काहीतरी रचून सांगतील, म्हणजे भांडता तरी येईल.

“मुलासाठी केलं, राहुलसाठी,” ते खाली बघत म्हणाले. “सहा वर्षं ऐरोलीत आहे. सहा वर्षांत चार दिवाळ्यांना घरी आला. रिसॉर्ट झालं तर त्याला तिथे मॅनेजर करू, असा शब्द दिलाय त्यांनी. त्याला यातलं काही माहीत नाही. त्यांच्याकडे जागेचा फोटो नव्हता, नूतनबाई. मी म्हटलं, माझ्याकडे आहे.”

“तुमच्याकडे नव्हता. किशोरीकडे होता. तिनं माझ्या शब्दावर दिला होता.”

“बायकांना दुसरी जागा देणार आहेत.”

“कागदावर आहे तसं?”

कागदावर नव्हतं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

“आणि रितेश?” नूतनबाईंचा आवाज आता चढला. “काल माझ्या ओटीवर बसून, माझा चहा पिऊन, तुम्ही मला त्या पोराच्या दारात पाठवलंत. चोर म्हणून. पान जाळलंत ते एक वेळ समजू शकते मी. हे नाही समजू शकत.”

दिनानाथांनी वही मिटली. मग ते म्हणाले, “उद्या माझं नाव घेऊ नका. एवढी वर्षं झाली, तेवढं तरी.”

नूतनबाई उठल्या. दारात त्यांना चप्पल सापडेना, डोळ्यांसमोर काही दिसतच नव्हतं. बारा वर्षं रोज चारला हा माणूस आपल्याकडे बघत बसला होता, आणि आपण त्याला ओळखत होतो असं आपल्याला वाटत होतं.

मूळ फोटो आता जगात कुठेच नव्हता. सुनावणीला वीस तास उरले होते.

६

सोमवारी ग्रामपंचायतीच्या अंगणात मंडळ अधिकाऱ्यांसाठी टेबल मांडलं होतं. एका बाजूला नीलतटचा माणूस फाईल घेऊन, दुसऱ्या बाजूला चौदा बाया. मागच्या बाकावर दिनानाथ येऊन बसले होते. का आले होते, देव जाणे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “तुमच्याकडे पुरावा काय?”

“कुत्रा,” नूतनबाई म्हणाल्या.

लोक हसले. चंद्राबाई हसली नाही. तिनं पापलेटला दोरीनं ओढत टेबलापुढे आणलं. दोन बायांनी बोंबील अडकवलेली दोरी ताणून डोक्याएवढी उंच धरली. वासानं पापलेट आपणहून तिच्याखाली गेला, वर नाक करून थोडा वेळ थांबला आणि काही मिळत नाही म्हटल्यावर बसला. अकराचं ऊन होतं. त्याच्या पांढऱ्या पाठीवर करड्या पट्ट्यांची रांग उमटली.

अधिकारी खुर्चीतून उठले. हातातला फोटो त्यांनी कुत्र्याशेजारी धरला. पट्टे पाहिले, फाटका कान पाहिला, पुन्हा पट्टे पाहिले.

“दोरी बाजूला घ्या,” ते म्हणाले.

बाया दोन पावलं सरकल्या. पाठ पांढरी झाली.

“फोटोत दोरी नाही, पण कुत्र्यावर सावली आहे,” नूतनबाई म्हणाल्या. “बोंबील नव्हते तर ती कशाची पडली, साहेब?” मग त्यांनी सुरूच्या काड्या दाखवल्या, तुकड्यांच्या कडा दाखवल्या, एकेक गोष्ट वर्गात शिकवत तशी.

नीलतटचा माणूस चाचरत म्हणाला, “आम्हाला फोटो जसा मिळाला तसा जोडला. खोटा आहे हे आम्हाला काय माहीत?”

“कुणी दिला?” अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यानं फाईल चाळायला घेतली. त्यांनी नूतनबाईंकडे पाहिलं. “तुम्हाला माहीत आहे?”

 मागच्या बाकाकडे न बघताही नूतनबाईंना कळत होतं की तिथे कुणाची मान खाली गेली आहे. नाव न घेता भागलं असतं. खळं कदाचित तसंही वाचलं असतं. पण किशोरी त्यांच्याकडे बघत होती. रितेश पाहुण्यांना घरी सोडून मोटारसायकलवर आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता, आणि कालची विचारपूस कानावर गेलेले चार लोक त्याच्याकडे वाकड्या नजरेनं पाहत होते.

“दिनानाथ चौलकर,” त्या म्हणाल्या. “माझ्या गटातले. हे काम मीच त्यांना शिकवलं. फोटो बाहेर जाणार नाही, असा शब्दही मीच दिला होता. तो मला पाळता आला नाही, हेही लिहून घ्या.”

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. फोटो बाद केला आणि जागेची पाहणी स्वतः, लगेच करायची ठरवली. अर्ध्या तासानं ते खळ्यात वलांड्यांमधून वाकून वाकून चालत होते आणि चंद्राबाई त्यांना डोकं सांभाळायला सांगत होती. ‘जागा वापरात आहे’, एवढं वाक्य पंचनाम्यात चढलं तेव्हा तिनं ते दोनदा वाचून घेतलं.

परतताना किशोरी नूतनबाईंबरोबर त्यांच्या फाटकापर्यंत आली.

“खळं वाचवलंत, बाई. इसरनार न्हाय.” मग फाटक उघडत, “पन फोटो आता मी माज्याकडंच ठेवीन.”

नूतनबाईंनी मान हलवली. तिला अडवण्याचा हक्क त्यांना उरला नव्हता.

७

पुढच्या शनिवारी संध्याकाळी सातला पाच कमी असताना फोन वाजला. पहिलं पान नेहमी दिनानाथांचंच येई. त्या दिवशीही आलं.

नूतनबाईंच्या ओटीचा फोटो होता, कधीतरी पूर्वी काढलेला. दोन कप, किटली, पायरीवर पडलेलं पोफळीचं झावळ. खाली दोनच शब्द, ‘चार वाजता’. मांडणी सुरेख होती. एवढ्या वर्षांत त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं पान. आणि प्रत्येक तुकड्याखाली डाव्या बाजूला हलकी, नेमकी सावली.

त्या आठवड्यात ते एकदाही ओटीवर आले नव्हते. नूतनबाईंनी रोज चारला किटली भरली होती आणि रोज अर्धा चहा ओतून टाकला होता. बोटांनी सवयीनं ‘सुंदर’ असं लिहिलं. मग त्यांनी एकेक अक्षर पुसलं आणि दिनानाथांचं नाव गटातून काढून टाकलं. फोननं विचारलं, नक्की? त्यांनी हो म्हटलं. नंतर त्या खूप वेळ रडल्या, यजमान गेले तेव्हा रडल्या होत्या तशा, पण या वेळी सोबतीला येऊन बसणारं कुणी नव्हतं.

रितेशचं पान आलं, सपाट. रुचिकाचं आलं. किशोरीचं आलं नाही.

रविवारी सकाळी किशोरी पाटी घेऊन फाटकातून आत आली, पाटी ओटीवर उतरवली आणि म्हणाली, “बाई, पानी.”

पाणी पिऊन झाल्यावर तिनं कमरेचा फोन काढला आणि नूतनबाईंसमोर धरला, हातातून न सोडता. पापलेट वलांडीखाली झोपला होता आणि त्याच्या पाठीवर बोंबलांच्या सावल्या पडल्या होत्या.

“बघा. पाठवनार न्हाय.”

“नको पाठवूस,” नूतनबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो नीट, सावकाश पाहिला. “चांगला आलाय. तुझ्याकडेच ठेव.”